पाण्यावर चालणारे इंजिन

पाण्यावर मोटार चालविणारा कोणी संशोधक निघाल्याची वार्ता दर दोन-चार वर्षांनी कोठून तरी येतेच. आमच्या मंचेरियलात तिच्याकडे कान चटकन लागतात. येथे कित्येक घरांची चूल सिंगरेणीच्या खाणींमुळे पेटते. जयपूरच्या (राजस्थानच्या नव्हे, आपल्या!) केंद्राची १२०० मेगावॅट वीज कोळशातूनच निघते, आणि कोळसा एक दिवस सरणार हे सर्वांस ठाऊक आहे. शेजारी गोदावरी वाहते. तिच्याच पाण्यावर इंजिने चालली तर! स्वप्न गोड खरे, परंतु माझ्या मते ते आपण सोडून द्यावे.

पाणी हे इंधन नव्हे. ती जळून गेलेल्या इंधनाची राख होय. हायड्रोजन, म्हणजे उद्‌जन वायू, जळला की पाणी उरते. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन मिळतो, पण तो सोडविण्यास सुमारे ५० युनिट वीज लागते. तोच वायू दट्ट्याच्या इंजिनात जाळला तर जेमतेम १३ युनिटांइतके काम हाती येते. असा व्यवहार कोणता दुकानदार करील?

जोसेफ पॅप नामक गृहस्थास तर हायड्रोजनही नको होता. निष्क्रिय वायूंच्या प्लाझ्मावर, म्हणजे ज्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत अशा वायूवर, आपले इंजिन चालते असे तो म्हणे. १९६८ साली कॅलिफोर्नियात त्याने ते चालवून दाखविले. इंजिनाची एक वायर विजेला जोडलेली होती. ती केवळ उपकरणांसाठी, असे सांगण्यात आले. पाहणाऱ्यांत विख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी ती वायर काढली. थोड्याच वेळात स्फोट झाला व एक मनुष्य प्राणास मुकला. दोष कोणाचा, यावर पुढे वाद माजला. मला मात्र त्या वायरीचेच महत्त्व अधिक वाटते.

म्हणून हायड्रोजन त्याज्य ठरत नाही. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या १६ हायड्रोजन ट्रकांची चाचणी सुरू झाली; त्यांतील काहींत दट्ट्याचीच इंजिने आहेत. तेथे हायड्रोजन ही शक्तीची खाण नसून, अन्यत्र निर्माण केलेली शक्ती वाहून नेणारी घागर आहे. सिंगरेणीने सौर विजेची केंद्रेही उभारली आहेत. घागर भरायची तर ती अशा विजेने भरावी. कोळशाच्या विजेने भरून काय साधणार?

शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे विद्युत्-विघटन चालू असता सर्वांचे डोळे हायड्रोजनच्या नळीवर असतात, कारण ती दुसरीच्या दुप्पट भरते. बॅटरी किती उतरली, ते सहसा कोणी पाहत नाही.