अर्जुनाची साल आणि आमचा दावा

पाटण, जावळीच्या डोंगरातली माणसं कॅन्सरच्या इलाजाला कराडजवळच्या मलकापुरात येतात. केमोबरोबर आणखी काय येतं ते आता घराघरांत ठाऊक झालंय. सिस्प्लाटिन मूत्रपिंड बिघडवतं, डॉक्सोरुबिसिन हृदय कमजोर करतं. म्हणून देशभर फार्मसी कॉलेजांत झाडपाल्याचे अर्क तपासतायत. उंदराला आधी काही दिवस अर्क पाजायचा, मग केमोचं औषध टोचायचं, रक्तातलं क्रिएटिनिन मोजायचं, शेवटी मूत्रपिंड कापून बघायचं. अर्जुन, पुनर्नवा, गुळवेल ही नावं त्यात पुन्हा पुन्हा येतात.

याला आमचा विरोध नाही. त्या खाटेवर आमचाही माणूस असतो. पण अशा लेखांत सुरुवातीला एक ओळ असते, ‘पारंपरिक वापर आहे’. कोणाची परंपरा? ना जमात, ना गाव. आणि त्याच सालीसाठी कोयता घेऊन रानात शिरलो की आम्ही चोर!

नरक्याचं काय झालं बघा. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ साली चिनी झाडात सापडलं. शोधणाऱ्यांत मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारात जन्मलेले. तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात निघालं. त्यापासून कॅन्सरचं इरिनोटेकान बनतं. मग रानातली नरक्या चोरून तुटली. तोडणाऱ्याला मजुरी, व्यापाऱ्याला नफा.

केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा दाखवली, त्यावरून ‘जीवनी’ औषध झालं. परवान्याच्या फीचा आणि रॉयल्टीचा अर्धा वाटा काणींना ठरला. देशभर कौतुक झालं. पण पानं तोडायला वनखात्याची आडकाठी आलीच. जमिनीवर हक्क नसला की वाटा असाच हवेत राहतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभाचा वाटा लिहिलाय. २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाला त्यातनं सूट दिली. अर्जुन, गुळवेल ग्रंथात आहेत. म्हणजे आजीला ठाऊक होतं ते पोथीत चढलं की आमचं उरत नाही. ही सूट रद्द झाली पाहिजे.

राहिला २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपजाचा हक्क आहे आणि पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्कही आहे. सामूहिक दाव्यात नुसतं ‘वनोपज’ लिहू नका. साल, मूळ, वेल, नावानिशी लिहा. कुठल्या डोंगरातनं, कुठल्या महिन्यात आणता तेही लिहा. वही घेऊन कोणी विचारायला आला तर आधी ग्रामसभेचा ठराव, मग माहिती. त्याच्या लेखात गावाचं नाव आलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपल्याच माणसांना. केमो चालू असताना डॉक्टरला न सांगता काढा पाजू नका. उंदराला मानवलं ते माणसाला मानवेलच असं नाही. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलंय. दवाखान्याच्या दारात बाटल्या विकणारा आपल्यातला असला तरी त्याला हटका.

दाव्याचे अर्ज संघटनेकडे आहेत. ग्रामसभेची तारीख ठरली की कळवा, आम्ही येतो.