मांजराचा पट्टा आणि ‘बंध’



आमच्या चिंगीला पट्टा घालून मी सोसायटीच्या बागेत नेते, हे कळल्यापासून मला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. तरुण मुली म्हणतात, ‘काकू, किती गोड! आम्हीपण आमच्या मांजरीला उद्याच पट्टा आणतो, फोटो मस्त येतील.’ आणि माझ्या नणंदबाई म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही रोज स्वाध्यायाला बसता आणि मुक्या जिवाला बांधता? हा तर सरळसरळ बंध अतिचार झाला.’

मला दोघींचंही अर्धंच पटतं. पट्टा म्हणजे हौस नव्हे, आणि पट्टा म्हणजे आपोआप पापही नव्हे. तो कशासाठी घातला, कसा घातला, किती वेळ घातला आणि ‘नको’ म्हणायची मुभा त्या जिवाला ठेवली की नाही, यावर सगळं ठरतं.

आधी नणंदबाईंचा मुद्दा घेते, कारण तो खरा वजनदार आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाणंपिणं रोखणं. यात बांधणं पहिलं आहे. पण श्रावकाचाराच्या विवेचनात बंधाचेही भेद केले आहेत. विनाकारण बांधणं वेगळं आणि कारणासाठी बांधणं वेगळं. कारणासाठी बांधतानाही त्या जनावराची पर्वा ठेवून बांधणं वेगळं आणि बेपर्वाईनं आवळणं वेगळं. गाठ सैल हवी, जनावराला हालचाल करता यायला हवी, आग लागली तर झटकन सोडवता यायला हवं, इतका बारीक विचार आपल्या आचार्यांनी केलेला आहे. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच म्हणतो. जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं, दोरीनं, अवाजवी काळ बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. धर्म आणि कायदा दोघांनी मिळून कसोटी दिली आहे: कारण, सैलपणा आणि वेळ.

आता कारण. हिंस्र प्राणी हौसेनं पाळू नयेत, असं आपल्याकडे सांगितलं जातं आणि ते मला पटतं. चिंगी आम्ही हौसेनं आणलेली नाही. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले आणि तिला जिन्यात ठेवून गेले. आलेल्या जिवाला हाकलायचं कसं? मांजर जन्मजात मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, नाहीतर डोळे आणि हृदय बिघडतं. तिला वरणभातावर ठेवलं तर तो पाचवा अतिचार. म्हणून तिचं तयार खाणं मुलगा बघतो, त्याचं भांडं वेगळं आणि जागा स्वयंपाकघराबाहेर. हे सोपं नाही, पण जबाबदारी घेतली की ती पुरी घ्यावी लागते.

आणि जबाबदारी फक्त खाण्याची नसते. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक शिकारी प्राणी दिवसभर काय करणार? ती खिडकीत बसून कबुतरांकडे बघत राहते, दार उघडलं की फटीतून सुटायला बघते. उंचावरून मांजरं पडणं ही शहरातली जुनीच गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मांजर चार पायांवर पडतं, त्याला काही होत नाही, हा आपला समज किती भाबडा आहे ते अशा नोंदींवरून कळतं. जबडा, छाती, पाय सगळं दुखावतं. म्हणून माझं पहिलं मत असं, की पट्ट्याआधी जाळी. गॅलरीला आणि खिडक्यांना भक्कम जाळी बसवा, आत चढायला उंच फळी द्या, रोज दोरीचा खेळ खेळा. एवढं करूनही मांजर दाराशी बसून ओरडत असेल, तर पट्ट्याचा विचार करा.

मी कॉमर्सची. दुहेरी नोंदीत खर्चाच्या समोर जमेची बाजू जुळावीच लागते. पट्टा घातला की मांजराच्या खात्यातून थोडं स्वातंत्र्य खर्ची पडतं. त्याच्या समोर तिच्याच खात्यात ऊन, माती, वास, वारा, हालचाल जमा होत असेल तर हिशेब जुळला. समोर फक्त आपले फोटो जमा होत असतील, तर ताळेबंद खोटा आहे.

आता पद्धत. गळ्यातल्या नुसत्या पट्ट्याला दोरी कधीही लावू नका. हिसका बसला तर तो थेट श्वासनळीवर येतो. छाती आणि पोट दोन्हीकडून धरणारा, जाकिटासारखा किंवा दोन पट्ट्यांचा हार्नेस हवा. मांजराच्या खांद्याचं हाड आपल्यासारखं सांध्याला घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून ती चिंचोळ्या फटीतून निघते आणि घाबरली की मागे सरकून हार्नेसमधूनही निसटते. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये आपलं एक, फार तर दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवायचा. कुत्र्याच्या पिल्लाचा हार्नेस मांजराला चालेलच असं नाही, दोघांची अंगलट वेगळी.

आणल्या दिवशी घालू नका. तो तिच्या बसायच्या चादरीवर तीन-चार दिवस नुसता पडू द्या. तिनं हुंगावा, त्यावर झोपावं, त्याला तिचा स्वतःचा वास लागावा. मग जेवणाच्या भांड्याशेजारी ठेवा. वेल्क्रोचा चर्र आवाज आणि बकलचा खटका मांजराला भिववतो, म्हणून हे आवाज आधी दुरून करायचे आणि लगेच खाऊचा एक दाणा द्यायचा. खाऊ म्हणजे दूध नव्हे, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. रोजच्या खाण्यातलेच थोडे दाणे बाजूला काढून ठेवावेत.

नंतर हार्नेस पाठीवर नुसता टेकवा आणि उचला. मग डोकं आत, बकल न लावता. मग बकल लावून एक मिनिट, पुढे दोन, पुढे पाच. पहिल्यांदा बकल लागलं की बरीच मांजरं आडवी पडतात, पाय मोडल्यासारखी सरपटतात किंवा पुतळ्यासारखी गोठतात. चिंगी तर सोफ्याखाली पोट टेकून बसली. मुलगा म्हणाला, ‘आई, ही नाटकं करते.’ हे नाटक नव्हे. अंगाला चारी बाजूंनी काही चिकटलं की मांजराला आपण पकडले गेलो असं वाटतं. अशा वेळी उचलून उभं करू नका, ओढू तर मुळीच नका. समोर तिचं आवडतं खेळणं हलवा, ती दोन पावलं चालली की दाणा द्या आणि लगेच सोडवा. शेवट नेहमी गोड व्हावा.

हार्नेस घालून ती बिनधास्त जेवायला, खेळायला लागली, की दोरी. आधी दोरी घरातल्या घरात तिच्यामागे घसटत जाऊ द्यायची, पण नजर हटवायची नाही, खुर्चीच्या पायात अडकली तर ती भेदरते. मग दोरी हातात धरून आपण तिच्या मागे जायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. कुत्रा आपल्याबरोबर चालतो, मांजर आपल्याला बरोबर नेते. ती दहा मिनिटं एका कुंडीपाशी बसली तर आपणही दहा मिनिटं तिथेच.

आमच्या घरी पहिल्या दिवसापासून बागेपर्यंत दोन महिने लागले. पिल्लू असेल तर लवकर जमतं, मोठ्या मांजराला अधिक वेळ लागू शकतो. एखादी पायरी बिघडली तर एक पायरी मागे यायचं. बाहेर नेण्याआधी पशुवैद्यांकडे जाऊन रेबीजसह सगळ्या लसी आणि पिसवा-गोचीडांचं औषध करून घ्या.

बाहेर नेतानाही दारातून चालवत नेऊ नका. बास्केटमध्ये बसवून न्या आणि बास्केट शेजारीच उघडी ठेवा. याची दोन कारणं. दार म्हणजे पळायची वाट असं तिनं शिकू नये, आणि घाबरली तर शिरायला तिची स्वतःची जागा असावी. कान मागे चपटे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, शेपूट पोटाखाली दिसलं की त्या दिवसाचं फिरणं संपलं. भेदरलेल्या मांजराला हातानं कवटाळू नका, ती ओरबाडते. बास्केट पुढे करा.

वेळ मी साडेदहाची ठरवली आहे. मुलं शाळेत, गाड्या गेलेल्या, आवार शांत. मांजराची शिकारीची ओढ पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, पक्षीही तेव्हाच चरायला उतरतात. उन्हाळ्यात फरशीवर आपल्या हाताची पाठ टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर तिच्या पंज्यांनाही बसणार, मग त्या दिवशी घरीच.

इथे मला एक गोष्ट नणंदबाईंनाही सांगावीशी वाटते. पट्टा फक्त मांजरासाठी नसतो, चिमणीसाठीही असतो. सरडा, फुलपाखरू, साळुंकीचं खाली पडलेलं पिल्लू, यांना मोकळ्या मांजरापासून कोण वाचवणार? दोरी आखूड धरली की चिंगीला ऊन मिळतं आणि साळुंकीला जीव. मांजराला अहिंसा शिकवता येत नाही, तिचा तो दोषही नाही. पण तिला बाहेर मी आणते, म्हणून यत्नाचार माझ्याकडे. आणि चातुर्मासात मी तिला गवतावर नेतच नाही. ज्या दिवसांत जमिनीवर जीवजंतू वाढतात म्हणून आपले मुनी विहार थांबवतात, त्या दिवसांत मांजराला फिरवायची काय गरज? शिवाय गोचिडांचा त्रासही पावसाळ्यात असतोच.

दोन गोष्टी मात्र मला कुठल्याही कारणानं मान्य नाहीत. पहिली, दोरी गॅलरीच्या कठड्याला किंवा खिडकीच्या गजाला बांधून आपल्या कामाला निघून जाणं. मांजर उडी मारते आणि दोरीला लटकते. दोरीचं दुसरं टोक नेहमी जागत्या माणसाच्या हातात हवं. दुसरी, रील्ससाठी मांजराला पट्टा घालून लग्नात, मॉलमध्ये, गर्दीत मिरवणं. त्या व्हिडिओत मांजर शांत बसलेलं दिसतं, लोक म्हणतात किती शहाणं. नीट बघा, बरेचदा ते भीतीनं गोठलेलं असतं. घाबरलेल्याचा गप्पपणा म्हणजे संमती नव्हे. आपल्या सुनांच्या, मुलींच्या बाबतीत हे कळायला समाजाला किती वर्षं लागली, मांजराच्या बाबतीत तरी उशीर नको.

आणि काही मांजरं शेवटपर्यंत पट्टा स्वीकारत नाहीत. दीड-दोन महिने सावकाश प्रयत्न करूनही ती हार्नेस बघितला की लपत असेल, तर तो कुणाला तरी देऊन टाका. घरात जाळीमागचं ऊन, एका कुंडीत पेरलेलं गव्हाचं गवत आणि आपला अर्धा तास, एवढ्यावरही मांजर सुखानं जगतं. तिनं दिलेला नकार मान्य करणं हीसुद्धा अहिंसाच.

म्हणून नणंदबाईंना माझं उत्तर असं: गाठ सैल आहे, कारण खरं आहे, वेळ वीस मिनिटं आहे, आणि हार्नेस काढला की चिंगी आता स्वतःहून त्यावर जाऊन झोपते. यात बंध कुठे असेल तर तो माझा. पाऊस नसला की रोज साडेदहाला हातातलं काम टाकून मला खाली जावं लागतं.