मजला चढवणे म्हणजे डागडुजी नव्हे

मा. संपादक,


‘किनाऱ्यावरचे जुने वाडे वाचवायचे तर वर मजले चढवून फ्लॅट करू द्या; कायदा साधी डागडुजीही करू देत नाही’ हे आपण छापलेल्या लेखातले मत वस्तुस्थितीला धरून नाही. रेवदंड्याचा कोट, अलिबागचा हिराकोट अशा केंद्र-संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, पुढचे २०० मीटर नियंत्रित. पण स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या सुधारणेने उभी-आडवी वाढही ‘बांधकामा’त धरली, असलेल्या घराची डागडुजी त्यातून वगळली. डागडुजी परवानगी घेऊन करता येते. परवानगीला वेळ लागतो, एवढीच तक्रार मान्य.

चिरा आणि चुन्याच्या भिंती कौलारू छपराचा भार पेलायला बांधलेल्या असतात. त्यांच्यावर स्लॅब टाकला की भार वाढतो, सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि खाऱ्या हवेत सळई गंजते ती वेगळीच. वाडीतल्या एका विहिरीवर इतक्या बिऱ्हाडांचे पाणी कसे भागणार, यावर लेखात चकार शब्द नाही.

आतून बदल करून वाड्यात दोन-तीन कुटुंबे जरूर राहावीत. उंची आणि छप्पर मात्र मूळचेच हवे. कायद्याबद्दलची चूक आपण ठळकपणे दुरुस्त करावी, ही विनंती.

— एक वाचक, रेवदंडा