हरलेल्या जहाजाची आठवण

पहिल्या महायुद्धाचा धडा आला की 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर केलेला तोफमारा आपली मुले हमखास सांगतात. 'मूस्के' हे नाव मात्र कुणाला ठाऊक नसते.

१९०२ मध्ये जलावतरण झालेली ही फ्रेंच विनाशिका जेमतेम ३०० टनांची. २८ ऑक्टोबर १९१४ च्या सकाळी गस्तीवरून परतताना पेनांगजवळ तिची गाठ दसपटीहून मोठ्या 'एमडेन'शी पडली. तिने प्रतिकार केला, पण थोड्याच वेळात ती बुडाली. तेव्हा 'एमडेन'ने होड्या सोडून ३६ जणांना पाण्यातून काढले. त्यांपैकी तिघे जखमांमुळे दगावले. शत्रूनेच त्यांना लष्करी इतमामाने जलसमाधी दिली. उरलेल्यांना दोन दिवसांनी एका ब्रिटिश मालवाहू जहाजाच्या हवाली केले.

परीक्षेत आपण 'कोण जिंकले?' एवढेच विचारतो. आमच्या मते 'जिंकल्यावर तो कसा वागला?' आणि 'हरणारा कसा लढला?' हेही विचारायला हवे. शिक्षकांनी वर्गात, पालकांनी घरी ते विचारावे. विश्वस्त मंडळाने यंदाच्या निबंध स्पर्धेत असा एक विषय ठेवावा, ही आमची नम्र विनंती.