धूसर चित्राची कैफियत

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा शेडमध्ये गेल्या वर्षी मी एक चित्रीकरण केले आणि ते वाया घालवले. सगळेच वाया गेले असे नाही. पण त्यातले जे पुन्हा कधीच मिळणार नव्हते, नेमके तेच गेले. ही कबुली आरंभीच दिलेली बरी. पुढे जे लिहितो आहे ते हात पोळलेल्या माणसाचे लिहिणे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रसंग साधा होता. शेडमध्ये एक जुनी लेथ होती आणि तिच्यावर उभे आयुष्य काढलेले एक टर्नर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ते निवृत्त होत होते आणि त्याच महिन्यात शेड रिकामी होऊन यंत्र भंगारात जाणार होते. आप्पांच्या शेवटच्या पाळीचे चित्रण व्हावे, अशी मालकांची इच्छा होती. मी पूर्वी फोटोग्राफीचा व्यवसाय केलेला, डार्करूममध्ये बोटे पिवळी करून घेतलेला माणूस. भाच्याकडे मिररलेस कॅमेरा होता. बाहेरून जोडायचा आणि चित्रण साठवूनही घेणारा मॉनिटर त्याने भाड्याने आणला. ‘मामा, लॉगमध्ये घेऊ. रंग नंतर हवे तसे करता येतात,’ तो म्हणाला.

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पत्र्याची शेड, आत मिणमिणत्या ट्यूबलाइट, एका टोकाला वर सरकवलेले शटर आणि त्याच्यापलीकडे एप्रिलचे ऊन. अंबडहून जवळच असलेल्या पांडवलेण्यात आत बसून ज्यांनी दाराबाहेर पाहिले आहे त्यांना ही अडचण सांगायला नको. डोळ्यांना आतली मूर्तीही दिसते आणि बाहेरचे नाशिकही. कॅमेऱ्याला मात्र दोहोंतील एक निवडा असे सांगावे लागते. आप्पांचा चेहरा नीट दिसावा म्हटले तर शटरच्या जागी पांढरा ठिपका, आणि बाहेरचे दिसावे म्हटले तर आप्पांची काळी सावली.

लॉग म्हणजे लॉगॅरिथम. अकरावी-बारावीला ज्यांनी क्लार्कचे टेबल झिजवले त्यांच्या अंगावर या शब्दाने आजही काटा येईल. पण कल्पना सोपी आहे आणि ती समजायला पेटी पुरेशी आहे. मंद्र षड्जापेक्षा मध्य षड्जाची कंपने दुप्पट आणि तार षड्जाची त्याच्याही दुप्पट. तरी पेटीवर प्रत्येक सप्तकाला पट्ट्या सारख्याच, बाराच. प्रकाशाचेही तसेच मोजता येते. उजेड दुप्पट झाला की एक पायरी चढलो, असे छायाचित्रकार धरतो. कॅमेऱ्याकडे समजा १०२४ आकडे आहेत. उजेडाच्या प्रमाणात ते सरळ वाटले तर सर्वांत उजळ पायरीलाच ५१२ जातात, तिच्या खालचीला २५६, तिच्या खालचीला १२८. असे करता करता अंधारातल्या पायऱ्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही. लॉगमध्ये हे आकडे पायऱ्यांमध्ये बरेचसे सारखे वाटले जातात. आप्पांच्या गालाच्या सावलीलाही तिचा हिस्सा मिळतो आणि दारातल्या उन्हालाही.

याची किंमत अशी की असे चित्र जसेच्या तसे पडद्यावर पाहिले तर ते मळके, राखाडी, पाणी घातलेल्या ताकासारखे दिसते. सोनी कंपनीच्या एस-लॉग३ या पद्धतीत शंभर टक्के म्हणजे पूर्ण पांढरे धरले, तर साधा पांढरा कागद ६१ टक्क्यांवरच येऊन थांबतो. उरलेली जागा कागदाहून लखलखीत गोष्टींसाठी राखलेली असते. नवख्याला वाटते, कॅमेरा बिघडला.

माझ्यासारख्याला मात्र हे दृश्य ओळखीचे वाटले. निगेटिव्हही अशीच असते. ती पाहण्यासाठी नसते, तिच्यावरून काही घडवायचे असते. हे साम्य योगायोगाचे नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी कोडॅक कंपनीने चित्रपटाची निगेटिव्ह संगणकात उतरवण्यासाठी सिनिऑन नावाची यंत्रणा तयार केली. निगेटिव्हवरचा काळेपणा मुळातच प्रकाशाच्या लॉगॅरिथमप्रमाणे वाढतो, म्हणून तिचे आकडेही त्याच रीतीने नोंदवले गेले. १९९३ मध्ये डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ हा जुना चित्रपट याच यंत्रणेने दुरुस्त करण्यात आला. आजच्या कॅमेऱ्यांतील एस-लॉग, व्ही-लॉग, एन-लॉग ही त्याच घराण्याची पुढची पिढी.

आता मॉनिटर. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा हाताच्या पंज्याएवढाही नसतो आणि उन्हात तर तो आरसाच होतो, हे एक कारण. दुसरे कारण साठवणीचे. निकॉनचा झेड ६ हा २०१८ मधला कॅमेरा घ्या. त्यात एन-लॉगची सोय होती, पण ते चित्र कॅमेऱ्यातल्या कार्डावर नोंदवता येत नसे. एचडीएमआय केबलने बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावरच घ्यावे लागे. कॅमेऱ्याच्या आत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदवल्या जात, बाहेर १०२४. लॉगचे चित्र नंतर ताणायचे असते, आणि २५६ छटांचे कापड ताणले की आकाशात जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. नंतरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांनी १०२४ छटा आतच नोंदवण्याची सोय केली, तरी मॉनिटरची सवय राहिली आहे आणि ती योग्यच आहे. जागा मात्र पुष्कळ लागते. प्रोरेस पद्धतीच्या वरच्या दर्जात फोर-के चित्रण केले तर तासाला सुमारे ३३० जीबी.

या मॉनिटरवर आणखी एक सोय असते आणि आमचा घात तिनेच केला. धूसर चित्र पाहून कोणालाच उत्साह येत नाही, म्हणून त्यावर लट नावाचा रंगांचा तक्ता चढवता येतो. तो चढवला की राखाडी चित्र एकदम रंगीत, खुसखुशीत दिसू लागते. हा तक्ता नुसता पाहण्यापुरता ठेवायचा असतो, नोंद धूसर चित्राचीच व्हायला हवी. परंतु काही मॉनिटरमध्ये तक्ता नोंदीवरही चढवण्याचे बटण असते. मेनू उघडता-मिटता आमच्याकडून ते कधी दाबले गेले, कळले नाही.

त्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी आजूबाजूच्या शेडमधले दहा-बारा जण शटरपाशी येऊन उभे राहिले. त्यांतले काही आप्पांच्या हाताखाली शिकून गेलेले. आप्पा शेवटचा जॉब चकमधून काढत होते, कॅपने कीस झटकत होते; पाठीमागे दारात ही मंडळी निमूट उभी. मॉनिटरवर दार पांढरेफटक दिसत होते. मी भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, ‘असू द्या मामा, लॉगमध्ये खाली सगळं आहे.’ मीही मान डोलावली. निगेटिव्हमध्ये असते, प्रिंटमध्ये काढता येते, हे मी हजार वेळा अनुभवले होते. कॅमेऱ्यात एक कार्ड घालून तिथेही नोंद चालू ठेवता आली असती. तेही केले नाही. डिस्कवर भरपूर जागा होती ना!

घरी येऊन पाहतो तो खाली काहीही नव्हते. तक्त्याने वरच्या पायऱ्या कापून टाकल्या होत्या आणि कापलेलेच साठवले गेले होते. या चुकीला इंग्रजीत ‘बर्न-इन’ म्हणतात. डार्करूममध्ये आम्ही हाच शब्द वापरत असू, तो बरोबर उलट अर्थाने: फिके पडलेले आकाश प्रिंटवर यावे म्हणून बाकीचा कागद हाताने झाकून त्या जागेला जास्तीचा उजेड देणे. जो शब्द हरवलेले परत आणण्यासाठी होता, तोच आता घालवण्यासाठी वापरावा लागतो.

आप्पांना चित्रण दाखवले तेव्हा ते लेथकडे पाहून खूश झाले. मग म्हणाले, ‘दारात पोरं उभी होती ना? ती नाही दिसत.’

आता माझे मत. लॉगची सध्या फॅशन झाली आहे. लग्न असो, वास्तुशांत असो की कंपनीचा वर्धापनदिन, लॉगमध्ये घेतले म्हणजे ‘सिनेमासारखे’ झाले अशी समजूत आहे. लॉगमध्ये चित्रण करणे म्हणजे नंतर डार्करूममध्ये बसण्याचे वचन देणे. ज्याला ते बसणे शक्य नाही, ज्याला उद्या संध्याकाळपर्यंत फिल्म द्यायची आहे, त्याने साध्या पद्धतीने घ्यावे आणि प्रकाशाची नीट व्यवस्था करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो धूसर चित्रावर कुठूनतरी उतरवून घेतलेला तयार तक्ता थापण्यात. भलत्याच उजेडासाठी आणि भलत्याच कातडीसाठी बनवलेला तो तक्ता अंबडच्या कामगाराचा सावळा चेहरा गाजरासारखा करून टाकतो आणि आपण त्याला ‘लूक’ म्हणतो.

दुसरी तक्रार गिऱ्हाइकाबद्दल आहे. चित्रीकरणाच्या दिवसाचे पैसे देताना कोणी खळखळ करत नाही, कारण माणूस उभा दिसतो, यंत्रे दिसतात. नंतर आठवडाभर खुर्चीत बसून एकेका दृश्याचा रंग सावरणाऱ्याला मात्र ‘कॉम्प्युटरच तर करतो’ असे ऐकवले जाते. मग तोही तक्ता थापून मोकळा होतो आणि जागा अडते म्हणून मूळ धूसर फाइली पुसून टाकतो. मूळ चित्रण किती दिवस जपायचे आणि डिस्कचा खर्च कोणी करायचा, हे काम ठरवतानाच कागदावर लिहिले जावे, एवढा आग्रह तरी दोन्ही पक्षांनी धरला पाहिजे.

निगेटिव्हचे मोल नाशिककरांना तरी वेगळे सांगावे लागू नये. पांडवलेण्याच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे ते दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मले आणि नाशिकलाच १९४४ मध्ये वारले. १९१२ मध्ये त्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला तेव्हा चित्र टिपणे हे कामाचे एक टोक होते. फिल्मला कडेची भोके पाडण्यापासून ती धुऊन छापण्यापर्यंतची बाकी मेहनत घरातच अंधारात चालत असे, आणि तिच्यात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळपास काळाच दिसे. तेव्हा डोळ्याला दिसते ते आणि फिल्मवर उतरते ते यांतले अंतर मनात धरूनच कॅमेऱ्याचे हँडल फिरवावे लागे. असा उद्योग करून १९१३ मध्ये लोकांपुढे आणलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज दोनच हाती आहेत, आणि तीसुद्धा १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रणातली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले ते १९६४ मध्ये.

फाळक्यांची फिल्म काळाने खाल्ली. आमची आम्हीच, एका बटणाने.

ती सदोष फाइल मी पुसलेली नाही. जुन्या निगेटिव्हच्या डब्याशेजारी ती डिस्क ठेवली आहे. भाच्याने मात्र तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली. चित्रणाआधी दहा सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तक्ता काढून तो परत चालवायचा, आणि तो धूसर दिसला तरच पुढे जायचे. उजेड ठरवायचा तो मॉनिटरवरच्या वेव्हफॉर्मच्या आलेखावरून. रंगीत चित्रावर भरवसा नाही.

गेल्या महिन्यात त्याच वसाहतीत दुसऱ्या एका शेडमध्ये काम होते. प्रेसवरचा एक तरुण ऑपरेटर मॉनिटरमध्ये डोकावला आणि म्हणाला, ‘काका, काच पुसून घ्या, धूळ बसलीय.’ भाच्याने त्याला आलेखाची वरची रेघ दाखवली. शटरबाहेर उन्हात उभा असलेला पांढरा टेम्पो तिच्या बराच खाली होता.