पीळ किती द्यायचा

खोक्यावर लढाऊ विमान असतं. नाकावर शार्कचे दात रंगवलेलं, ढग फाडून तिरकं खाली येणारं. खोकं उघडलं की आत निघतात काड्या. जेमतेम अर्ध्या सुताच्या बाल्साच्या काड्या, फासळ्यांचे आकार कोरलेल्या दोन-चार पातळ फळ्या, घडी घातलेला टिश्यू कागद, प्लॅस्टिकचा पंखा, रबराचं वेटोळं आणि एक लांबरुंद आराखडा. वरचं चित्र आणि आतल्या काड्या यांच्यामध्ये तीस-चाळीस तासांचं काम पडलेलं असतं. ज्यांना हा छंद लागतो ते या तासांवरच भाळतात. ज्यांना लागत नाही त्यांची खोकी माळ्यावर जातात.

अमेरिका-ब्रिटनमध्ये हा छंद शंभरीला टेकला आहे आणि छंदी मंडळींची वयंही त्याच दिशेने निघाली आहेत. त्यांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं: आजच्या पोरांना फोमचं तयार विमान हवं. खोक्यातून काढलं, बॅटरी लावली, उडवलं. काड्या जोडत बसायला धीर कुणाकडे आहे? यावर दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. आनंद उडवण्यात असेल, तर चाळीस तास टाचण्या टोचत बसण्याची शिक्षा मुलाला कशासाठी? बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात आज बाल्साचं खोकं द्यावं का, एवढ्याच प्रश्नापुरतं दोघांचं म्हणणं आम्ही तोलून पाहतो आहोत.

हे काम कसं चालतं, ते घरी आकाशकंदील केलेल्या वाचकाला निम्मं ठाऊकच आहे. लाकडी पाटावर आराखडा पसरायचा, त्यावर पातळ प्लॅस्टिक, म्हणजे काड्या आराखड्याला चिकटत नाहीत. रेघेवर काडी ठेवायची आणि तिच्या दोन्ही अंगांना टाचण्या रोवायच्या. काडीतूनच टाचणी घातली तर काडी चिरते. एक बाजू झाली की तिच्यावरच दुसरी रचायची, म्हणजे दोन्ही जुळी निघतात. मग आडव्या काड्या, पंखाच्या फासळ्या, शेपटी. सांगाडा उभा राहिला की टिश्यू डकवायचा आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. सुरकुतलेला कागद वाळता वाळता ढोलकीच्या पुडीसारखा तंग होतो. कामट्या आणि पतंगी कागद यांच्याशी या प्रकाराचं नातं उघड आहे. फरक इतकाच की कंदिलाला जागेवर लटकायचं असतं. तो जरा तिरपा झाला तर शेजारचेही काही बोलत नाहीत. विमानाचा पंख मुरडला गेला तर मात्र ते पहिल्याच फेकीत गिरकी घेऊन पायाशी येतं.

या खटाटोपाचं मूळ बाल्साहून जुनं आहे. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान 11 सेकंद उडवून दाखवलं. शेपटी योग्य कोनात बसवली की विमान स्वतःला सावरतं, ही त्याची युक्ती आजही प्रत्येक काडी-विमानात आहे. 1878 मध्ये मिल्टन राइट यांनी मुलांसाठी घरी आणलेलं उडतं खेळणंही पेनोच्याच धर्तीचं होतं: बूच, बांबू, कागद आणि पिळलेलं रबर. विल्बर आणि ऑर्व्हिल यांनी त्याच्या मोठ्या नकला करून पाहिल्या. नक्कल जितकी मोठी, तितकी ती कमी उडे. दुप्पट मापाच्या यंत्राला आठपट शक्ती लागते हे तेव्हा माहीत नव्हतं, असं दोघा भावांनी पुढे सांगितलं. बाल्सा मॉडेलांत रुळला तो 1920च्या दशकाच्या अखेरीस. पाठोपाठ मंदी आली, दहा-दहा सेंटांची खोकी निघाली आणि अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांची टेबलं पोरांनी अडवली. 1926 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफील्ड गावी सुरू झालेली गिलो ही कंपनी आजही असली खोकी विकते.

समर्थकांचा हुकमी एक्का म्हणजे नील आर्मस्ट्राँग. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस लहानपणी विमानांची मॉडेलं करत होता, हे खरंच आहे. पण म्हणून काड्या जोडल्या की मूल वैमानिक किंवा इंजिनिअर होतं, हा निष्कर्ष आम्हाला पचत नाही. त्या काळी अमेरिकेत ज्याला विमानाचं वेड होतं तो मुलगा मॉडेल करायचाच. वेड आधीचं, काड्या नंतरच्या. तीच खोकी जोडलेली कितीतरी मुलं पुढे कारकून झाली, दुकानदार झाली, आणि त्यात काही बिघडलं नाही. छंदाला करिअरची कल्हई लावून विकायची सवय आपल्याकडेही आहे. बुद्धिबळ का, तर गणित सुधारतं. तबला का, तर एकाग्रता वाढते. तबला वाजवायला आवडतो, हे कारण कुणाला पुरत नाही.

तरीही या कामातून एक गोष्ट हाताला कळते, ती म्हणजे वजन. बाल्सा विचित्र लाकूड आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात त्याची गणना कठीण लाकडात होते, आणि नखाने दाबलं तर त्याला खड्डा पडतो. साग घनमीटरला सहाशे किलोच्या पुढे जातो, तर चांगला बाल्सा शंभर-दीडशेत बसतो. पण दिसायला सारख्या दोन फळ्यांत एकीचं वजन दुसरीच्या दुप्पट भरू शकतं. म्हणून जाणकार दुकानातच फळी हातावर तोलतो, हलकी शेपटीला ठेवतो आणि भारी पंखाच्या मुख्य काडीला. 13 इंचांहून जास्त पंख चालत नाहीत अशा ‘पीनट’ वर्गातलं हलकं विमान दहा ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे दोन चमचे साखर. तिथे गोंदाचा एक जास्तीचा थेंबही भरपाई मागतो. शेपटी जड झाली तर नाकात चिकणमाती भरावी लागते, माती भरली की एकूण वजन वाढतं, वजन वाढलं की रबर जाड लागतं, आणि जाड रबराचा ताण सोसायला सांगाडा पुन्हा भक्कम हवा. चूक कशी चक्रवाढ व्याजाने वाढते, हे फळ्यावर समजावून सांगायला एक तास जातो. इथे ती स्वतःच्या दोन चमच्यांत दिसते. फोमच्या विमानात हा हिशेब कारखान्यात कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो आणि उरलासुरला तोल सांभाळायला आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. ते मुलाला उडवायला शिकवतं, आणि उडवणंही शिकण्याजोगं आहेच. पण विमान आपलं आपण का उडतं, हे तिथे विचारावं लागत नाही.

आता दुसरं पारडं. आमच्या मते या छंदाचं सर्वांत मोठं नुकसान खोक्यावरच्या त्या चित्राने केलं आहे. स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट ही नावं विकली जातात. पण लढाऊ विमानाची ठेवण रबराला सोयीची नाही: पंख आखूड, नाक आखूड, शेपटी लहान, जमिनीपासून उंची कमी, म्हणजे मोठा पंखा बसवायला जागाही नाही. खोक्यातलं लाकूड पुष्कळदा जड निघतं. नवशिका महिनाभर राबतो, मैदानात जातो, पीळ देतो आणि सोडतो. विमान चार सेकंदांत नाक खुपसतं. दोष त्याच्या हाताचा नसतो, पण तसं त्याला कुणी सांगत नाही. जुनेजाणते याला संयमाची परीक्षा म्हणतात. आम्हाला ती चुकीच्या इयत्तेची प्रश्नपत्रिका वाटते. पक्का गडी उंच पंखांचं, लांब नाकाचं साधं विमान आधी करतो, उंच गवतावर न पिळता हाताने फेकून पाहतो, नाकाचा कोन काडीच्या कपट्याने अर्धा-एक अंश खाली आणि उजवीकडे वळवतो, आणि मगच रबर ताणून पीळ भरतो. हे ज्ञान खोक्यात नसतं. ते शेजारी कुणी करणारं असलं तरच मिळतं, आणि तो शेजार आता विरळ झाला आहे.

बाकीचे आक्षेप त्या मानाने किरकोळ आहेत. कागदावर लावायच्या जुन्या ‘डोप’ला उग्र वास येतो आणि तो भडकन पेटतो, हे खरं, पण पाण्याचा फवारा आणि साधा पांढरा गोंद यांवर पहिली पाच विमानं सहज निघतात. ब्लेडची भीती ज्यांना वाटते त्यांच्याकडे विळी असतेच. उलट जागा आणि नियम यांच्या बाबतीत पारडं काड्यांकडे झुकतं. अमेरिकेत 250 ग्रॅमच्या वरच्या रिमोट विमानाला नोंदणी लागते. दहा ग्रॅमचं बिनरिमोटचं विमान शाळेच्या सभागृहातसुद्धा उडतं आणि कुणाच्या डोक्यावर पडलं तरी केस विस्कटण्यापलीकडे काही होत नाही.

लाकडाचा प्रश्न मात्र किरकोळ म्हणून उडवून लावता येणार नाही. जगातला बहुतांश बाल्सा इक्वेडोरहून येतो, आणि त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे पवनचक्कीचं पातं. पात्याच्या पोटात हलका आणि ताठ गाभा लागतो, तो बाल्साचा. 2020च्या आसपास चीनमध्ये पवनचक्क्या उभारायची घाई झाली, भाव भडकले आणि लाकूडतोडे लागवडी सोडून अॅमेझॉनच्या नद्यांकाठच्या आदिवासी मुलखात घुसले. स्वच्छ विजेपायी जंगलाला अशी झळ बसली. या सगळ्यात मॉडेलवाल्यांचा वाटा चिमूटभर. शिवाय बाल्सा पाच-सहा वर्षांत तोडणीला येतो, लागवडीत नीट वाढतो. तेव्हा पातळ फळीच्या दोन तुकड्यांवरून मुलाला अपराधी वाटायला लावणं अति होईल. मात्र हे लाकूड कुठून येतं हे त्याला माहीत असावं, आणि ते वाया जाऊ नये.

मग द्यावं का खोकं? द्यावं, पण हे नाही आणि आत्ता नाही. अमेरिकेच्या एअरोमॉडेलिंग अकादमीसाठी फ्रँक एलिंग यांनी ‘डेल्टा डार्ट’ नावाचं एक विमान आखलं. आराखडा टिश्यूवरच छापलेला असतो, काड्या थेट त्या कागदावर चिकटवायच्या, की सांगाडा आणि आवरण एकदम तयार. दीड-दोन तासांत काम संपतं आणि ते खरोखर उडतं. दिसायला ते कशासारखंच दिसत नाही, आणि तीच त्याची खुबी: तुलना करायला खोक्यावर चित्र नसतं. जुन्या मंडळींना हे पोरखेळ वाटेल, पण चाळीस तासांची गोडी चार सेकंदांतून लागत नाही. ती आधी तीस सेकंदांतून लागते.

बाल्साचा हट्टही सोडता येईल. राइट बंधूंच्या खेळण्यात तो नव्हता, बांबू होता. बांबू बाल्साहून चार-पाच पट जड असला तरी केसासारखा बारीक सोलता येतो, तापवून वाकवता येतो, आणि मुरलेले लोक आजही विमानाच्या पायांना तोच वापरतात. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग शिकवतात. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. कोपऱ्यावरच्या दुकानात बाल्सा मिळत नाही, पण कामट्या, पतंगी कागद आणि रबर मिळतं. पहिल्या विमानाला तेवढं पुरावं. ते बाल्साइतकं उडणार नाही हे आधीच सांगून टाकावं. का उडणार नाही, ते मुलगा नाहीतर मुलगी स्वतः तोलून काढेल.

राहता राहिला पीळ. रबर चार-पाच पट ताणून पीळ भरत भरत विमानाकडे चालत यायचं, आणि तुटण्याच्या आकड्याच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबायचं. त्यापुढे गेलं की रबर सांगाड्याच्या पोटातच फुटतं आणि महिन्याभराच्या काड्या हातात येतात. हा आकडा आधी एखादं रबर मुद्दाम तोडून मोजायचा असतो. घरातल्या मोठ्यांनी तेवढं एक रबर आणून द्यावं आणि बाजूला व्हावं. आपल्याकडे कंदील बहुधा वडील करतात आणि मुलं खळीची वाटी धरून उभी राहतात; इथे ब्लेड मुलांच्या हातात राहू द्यावं. दोन-चार विमानं मोडल्यावर त्यांनीच शार्कच्या दातांचं खोकं मागितलं, तर जरूर आणावं. नाही मागितलं, तर संक्रांत येतेच आहे, पतंगाचा मांजा आणू.