यार्डातला धूर आणि आपले डिझेल



गटाच्या बैठकीत लागणीचा विषय काढावा, तर पाच मिनिटांत बोलणे डिझेलवर येते. "साहेब, वाहतूक परवडत नाही, डिझेलच सगळं खातंय," ही तक्रार. दरवाढ मागण्यात गैर काही नाही. तो विषय संचालक मंडळाचा आहे, त्यावर मी बोलणे बरे नव्हे. पण डिझेल जाते कुठे, याबद्दल माझे मत जरा निराळे आहे आणि काहींना ते झोंबेलही.

गेल्या हंगामात फेब्रुवारीतल्या एका रात्री यार्डात गेलो होतो. गव्हाणीवर काही अडचण होती, रांग हलत नव्हती. तरी निम्म्याहून जास्त ट्रॅक्टर धडधडत उभे. एका ड्रायव्हरला म्हटले, "बाबा, नंबर यायला तीन तास आहेत, बंद कर की." तो हसला. "बंद केल्यावर चालू कोण करणार, साहेब? बॅटरी उतरलीया. मागं दोन ट्रॉल्या ऊस. ढकलाय निम्मं गाव आणावं लागंल."

पुढच्या दहा-बारा जणांना विचारले. बहुतेकांचे तेच. कुणाची बॅटरी गेलेली, कुणाचा सेल्फ.

आता हिशेब करा. ४५-५० अश्वशक्तीचे इंजिन नुसते उभ्याने चालवले तरी तासाला सुमारे लिटरभर डिझेल लागते. रोज चार तास आणि शंभर दिवसांचा हंगाम धरला तर ४०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ३६,००० रुपये. एवढ्यात बॅटरी येते, सेल्फची दुरुस्ती होते आणि वर पैसे उरतात. शिवाय तासन्‌तास संथ चालणाऱ्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, नोझलला काजळी धरते, ते वेगळेच. यात ड्रायव्हरचा दोष मला दिसत नाही. बॅटरी घेणे मालकाच्या हातात असते.

मी शहाणा आहे असे नाही. गटात मी मोटारसायकलवर फिरतो. मध्यंतरी अ‍ॅव्हरेज घटले म्हणून पंपवाल्यावर संशय घेतला, पंपही बदलला. शेवटी मिस्त्रीने मागचे चाक उचलून फिरवले, तर ब्रेक घासत होता आणि टायरात हवा निम्मीच! त्या पंपवाल्याची माफी अजून मागायची आहे.

ट्रॅक्टरचे दुसरे दुखणे एअर क्लीनर. आपल्याकडे उसाच्या फडातली धूळ, पाचटाचा भुसा, कुणी फड पेटवला असेल तर राख, हे सगळे इंजिन ओढून घेते. ऑइल बाथ क्लीनरची वाटी रोज उघडून पाहिली पाहिजे. तेल चिखलासारखे झाले की हवा कोंडते आणि नळीतून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल. काही मंडळी तेल खुणेच्या वर भरतात. तसे करू नये, जादा तेल इंजिनात ओढले जाते. पाइपच्या जोडावरचे थेंबही "असू दे" म्हणून सोडू नका. सेकंदाला एक थेंब म्हटले तर दिवसाकाठी चार लिटर होतात.

नांगरटीत चाक किती घसरते, ते पाहायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरला खडूची खूण करा. नांगर वर उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पावले जातो ते मोजा, मग नांगर लावून पुन्हा मोजा. शंभराची पंचाऐंशी झाली तर ठीक. सत्तर झाली, तर डिझेल मातीत चालले म्हणायचे. टायरच्या गोट्या झिजल्या असतील, नाही तर वजन कमी पडत असेल. रस्त्यावर मात्र ट्रॉलीच्या टायरात हवा पुरती हवी. रिकामी ट्रॉली परत नेताना वरचा गिअर टाकावा, थ्रॉटल कमी ठेवावा. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय तर ड्रायव्हरला बसवून सांगून मोडावी. वाचलेल्या डिझेलचा चौथा हिस्सा ड्रायव्हरला द्या, असे माझे मत आहे. फुकटच्या उपदेशाने कोणी सवय बदलत नाही.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हापासून 'इंधन वाचवा'च्या पाट्या आपण वाचतो आहोत. पण पाटी वाचून रांग हलत नाही. इथे आमच्या बाजूची चूकही कबूल केली पाहिजे. दर दहा मिनिटांनी चार हात पुढे सरकावे लागत असेल, तर चांगल्या बॅटरीचा ट्रॅक्टरसुद्धा कोणी बंद करणार नाही. दहा-दहा ट्रॅक्टर टोकन नंबरने एकदम पुढे बोलवावेत, बाकीच्यांनी आपल्या जागी इंजिन बंद करून उभे राहावे, असे मी शेती खात्याला लेखी सुचवले आहे. तुम्हीही वार्षिक सभेत हा विषय काढा.

यंदा वाहतुकीचा करार करायला ट्रॅक्टर घेऊन याल, त्या दिवशी मी दारातच उभा असेन. इंजिन बंद करून पुन्हा सेल्फवर चालू करून दाखवा, एवढेच सांगणार आहे.

— ऊस विकास अधिकारी